मार्गदर्शक कोण, परीक्षक कोण? आरोग्यसेवेतील मार्गदर्शन आणि कारकिर्दीची वाट

नोकरीत नव्याने आलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात. काम हाताला बसवून देणारे कोणीतरी हवे असते, आणि त्या कामातून पुढे कुठवर जाता येईल याची वाट दिसावी लागते. पहिली गोष्ट बहुतेक ठिकाणी वरिष्ठांच्या मर्जीवर सोडलेली असते, दुसरी सेवानियमांवर. या दोहोंच्या मधल्या जागेत अनुभवी आणि नवख्या माणसात जे नाते तयार होते, त्याला अलीकडे सरसकट ‘मेंटॉरिंग’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यात चार निराळी कामे मिसळलेली असतात. पर्यवेक्षक काम वेळेत आणि नीट झाले का ते पाहतो. प्रशिक्षक एखादे कौशल्य घोटून घेतो. पाठीराखा बढतीच्या बैठकीत नाव लावून धरतो. मार्गदर्शक शिकणाऱ्याची पुढची पाच-दहा वर्षे नजरेसमोर ठेवून बोलतो. आरोग्यसेवेत ही चारही कामे बहुधा एकाच माणसाकडे असतात आणि बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे आहे. ज्याच्या सहीवर पुढचे सगळे अवलंबून आहे त्याच्यासमोर ‘मला हे येत नाही’ असे म्हणणे कोणालाही जड जाते. आणि रुग्णालयात ते वेळेत न सांगितल्याची किंमत रुग्ण मोजतो.

या नात्याचा पद्धतशीर अभ्यास फार जुना नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ३५ ते ४५ वयाच्या ४० पुरुषांची आयुष्ये तपासली. कामगार, अधिकारी, जीवशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार अशा चार व्यवसायांतली ही माणसे होती. उमेदवारीच्या काळात भेटलेला वडीलधारा सहकारी त्यांच्या जडणघडणीत किती मोलाचा ठरतो, हे त्यातून पुढे आले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, आणि ही उणीव नंतरच्या संशोधनातही बराच काळ रेंगाळली. पाचच वर्षांनी, १९८३ मध्ये, कॅथी क्रॅम यांनी एका मोठ्या कंपनीतील वरिष्ठ-कनिष्ठांच्या १८ जोड्यांचा अभ्यास मांडला आणि आजही या विषयाची बहुतेक चर्चा त्याच चौकटीत चालते. क्रॅम यांच्या मते हे नाते दोन प्रकारची मदत करते: एक कारकिर्दीची, म्हणजे आव्हानाची कामे मिळवून देणे, चार लोकांत नाव करून देणे, अडचणीत पाठीशी उभे राहणे, दुसरी मनाची, म्हणजे धीर देणे, ऐकून घेणे, वागण्याचा नमुना समोर ठेवणे. नाते चार टप्प्यांतून जाते: ओळख, भरभराट, दुरावा आणि नव्याने जुळणे. यातला तिसरा टप्पा कार्यक्रम आखणारे हमखास विसरतात. शिष्य स्वतंत्र होऊ लागला की गुरूला खटकते, किंवा शिष्याला गुरूची सावली अडचणीची वाटू लागते. क्रॅम यांनी याला नात्याचे अपयश मानले नाही. तो त्याच्या वाढीचाच भाग आहे असे सांगितले.

वैद्यकात मात्र हाताखाली शिकण्याची पद्धत अभ्यासकांच्या कितीतरी आधीची आहे. तिला आजचे रूप आले ते बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. १८८९ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून उठवून रुग्णाच्या खाटेजवळ उभे केले, आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेत निवासी डॉक्टरांची उतरंड उभी केली. हॉल्स्टेड यांच्या रचनेत खाली बरेच जण आत येत आणि मुख्य निवासी डॉक्टरच्या जागेपर्यंत एखादाच पोहोचे. किती वर्षांत, तेही ठरलेले नसे. जबाबदारी हळूहळू वाढवत नेण्याची तिची कल्पना जगभर टिकली. सहकाऱ्याशी स्पर्धा आणि वरिष्ठाची मर्जी हे तिचे दोन दोषही तिच्याबरोबर पसरले.

मुंबईच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत ‘हाऊसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ ही नावे इंग्रजांच्या रुग्णालयांतून आली आणि अजून तोंडात आहेत. कामाचे एकक म्हणजे युनिट. वर युनिट प्रमुख, खाली सहयोगी प्राध्यापक, लेक्चरर, मग निवासी डॉक्टर. कागदावर शिकवण्याची जबाबदारी अध्यापकांची असते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, म्हणजे हाऊसमनला, शिकवतो तो दुसऱ्या वर्षाचा रजिस्ट्रार. मध्यरात्री छातीत पाणी झालेला रुग्ण कॅज्युअल्टीतून वॉर्डात येतो. पाठीमागून सुई घालून पाणी काढायचे असते. रजिस्ट्रार शेजारी उभा राहून हाऊसमनचे बोट रुग्णाच्या बरगडीवर ठेवतो आणि सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागूनच आत घालायला सांगतो, कारण रक्तवाहिन्या आणि चेता खालच्या कडेने जातात. हे पुस्तकात असते. पण बरगडी बोटाला कशी लागते, सुई आत शिरल्यावर विरोध कुठे सुटतो आणि रुग्ण खोकू लागला तर हात कसा थांबवायचा, हे शेजारी कोणी असल्याशिवाय कळत नाही. या व्यवस्थेचे बळ असे की शिकवणारा आणि शिकणारा यांत एकाच वर्षाचे अंतर असते, त्यामुळे प्रश्न विचारायला संकोच कमी. तिचा दुबळेपणाही त्यातच आहे: शिकवणारा स्वतः अर्धवट शिकलेला, झोप न झालेला आणि शिकवण्याचे कोणतेही शिक्षण न घेतलेला असतो. त्याला स्वतःला जसे वागवले गेले तसेच तो खालच्याला वागवतो.

केंद्र सरकारने १९९२ मध्येच निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम ४८ तासांपेक्षा जास्त नसावे असे सुचवले होते. हा नियम बहुतेक मोठ्या रुग्णालयांत पाळला जात नाही, हे उघड गुपित आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कार्यगटाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे नोंदवले. आपणहून उत्तर देणाऱ्यांच्या पाहणीतला हा आकडा सगळ्या विद्यार्थ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी तो बाजूला सारण्याजोगाही नाही. कार्यगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. अध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक जोड्या लावण्याची शिफारसही त्यात होती. पण तास कमी न करता जोड्या लावल्या, तर थकलेल्या माणसाला आणखी एका बैठकीला बोलावण्यापलीकडे फारसे काही होत नाही.

पदवी अभ्यासक्रमात ही कल्पना २०१९ मध्ये अधिकृतपणे आली. क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाबरोबर सुरुवातीला महिनाभराचा पायाभूत वर्ग आला, आणि त्यात मार्गदर्शकाची ओळख करून देणेही आले. तेव्हापासून अनेक महाविद्यालयांच्या फलकांवर नावांच्या याद्या लागतात: अमुक अध्यापकाकडे अमुक हजेरी क्रमांक. पहिली भेट चहा-बिस्किटांवर होते, दुसरी परीक्षेच्या निकालानंतर, तिसरी बहुधा होत नाही. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या जोडीला वरच्या वर्गातले विद्यार्थीही मार्गदर्शक म्हणून देण्याचा प्रयोग झाला. त्यामागचा विचार साधा होता. वसतिगृह, मेस, शरीररचनाशास्त्राची धास्ती, घरची आठवण या गोष्टी अध्यापकाला सांगाव्यात असे अठरा वर्षांच्या मुलाला वाटतच नाही.

पदव्युत्तर शिक्षणात अडचण अधिक टोकदार होते. प्रबंधाचा गाईड, लॉगबुकावर सही करणारा, रजा मंजूर करणारा आणि पुढे शिफारसपत्र देणारा एकच असतो. अंतिम परीक्षेच्या अंतर्गत परीक्षकांतही त्याच विभागातले वरिष्ठ असतात. गाईड मनाने कितीही मोठा असला तरी रचना अशी आहे की विद्यार्थी त्याच्यापुढे तोलूनमापूनच बोलतो. जात, लिंग, भाषा किंवा राखीव जागेवरून झालेला अपमान तर बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातील एका निवासी महिला डॉक्टरच्या मृत्यूनंतर याची मोठी चर्चा झाली. तक्रार समित्या आणि रॅगिंगविरोधी नियम त्याही आधीपासून होते. उणीव होती ती युनिटच्या बाहेरच्या, विश्वासाने दार ठोठावता येईल अशा वरिष्ठाची.

परिचर्येने हा गुंता वैद्यकापेक्षा लवकर ओळखला. अमेरिकेतील मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच ‘वास्तवाचा धक्का’ या कल्पनेतून नव्या परिचारिका नोकरी का सोडतात ते मांडले. शाळेत एका रुग्णाची सर्वांगीण शुश्रूषा शिकवली जाते. वॉर्डात पहिल्याच रात्री वीस-तीस खाटा, संपत आलेली सलाईन, फोनवरचे आदेश आणि नातेवाइकांचे प्रश्न एकदम अंगावर येतात. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी ड्रायफस बंधूंच्या कौशल्यविषयक मांडणीचा आधार घेऊन परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या दाखवल्या: नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, निष्णात आणि तज्ज्ञ. बेनर यांचा मुद्दा असा की तज्ज्ञ परिचारिकेला नियम आठवावे लागत नाहीत. रुग्णाकडे पाहूनच काहीतरी बिघडते आहे हे तिला कळते. पण ते कसे कळले हे तिला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तिच्याजवळ राहूनच ते शिकावे लागते.

याचे उत्तम उदाहरण वॉर्डातल्या ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याच्या, वेळी दिसते. नवी सिस्टर वही पाहून सांगते: खाट क्रमांक सात, दुसरा दिवस, ताप नाही, लघवी इतकी, इंजेक्शन दिले. मोठ्या सिस्टर वहीकडे न पाहता विचारतात, ‘सकाळपासून बोलला का तो?’ नव्या सिस्टरने नाडी आणि रक्तदाब दोन्ही नोंदवलेले असतात, पण काल बडबड करणारा माणूस आज गप्प आहे, हे तिच्या वहीत नसते. सगळे आकडे ठीक असताना बिघडत चाललेला रुग्ण अशा प्रश्नातून सापडतो. तो प्रश्न कोणत्या रुग्णाबद्दल विचारायचा, हे नवी सिस्टर पुढच्या काही महिन्यांत मोठ्या सिस्टरांचे पाहून उचलते. अमेरिकेत २००२ पासून अनेक रुग्णालयांत नव्या परिचारिकांसाठी वर्षभराचा निवासी कार्यक्रम चालतो. त्यात दर महिन्याला एकत्र बसणे आणि वॉर्डात नेमून दिलेली अनुभवी परिचारिका या दोन्हींची सोय असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक रुग्णालयांत अशी नेमणूक तोंडी होते, आणि नेमलेल्या सिस्टरांच्या खाटा मात्र कमी होत नाहीत.

शिकवणारा आणि तपासणारा यांना वेगळे करण्याचा सर्वांत ठळक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तिथे परिचर्येच्या विद्यार्थिनीला वॉर्डात शिकवणारी परिचारिका ‘मेंटॉर’ म्हणवली जाई आणि तीच तिला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवी. २००३ मध्ये स्कॉटलंडमधील कॅथलीन डफी यांनी अशा मेंटॉरांच्या मुलाखती घेतल्या. अनेकींनी सांगितले की विद्यार्थिनी कच्ची आहे हे दिसत असूनही तिला नापास करणे त्यांना जमले नाही. महिनोन्महिने शेजारी उभे राहून शिकवलेल्या मुलीचे वर्ष बुडवायला हात धजत नसे. शंका लवकर नोंदवली जात नसे आणि अखेरीस उशीर झालेला असे. २०१८ मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने नवी मानके आणली. रोजचे शिकवणे एका व्यक्तीकडे, मूल्यमापन दुसरीकडे, आणि विद्यापीठातली तिसरी व्यक्ती दोघींशी बोलून निर्णय पक्का करणारी. नव्या डॉक्टरांसाठीही ब्रिटनमध्ये कामावरचा पर्यवेक्षक आणि शिक्षणाची एकूण वाटचाल पाहणारा पर्यवेक्षक हे दोघे वेगळे ठेवण्याची पद्धत आहे. यामुळे कागदपत्रे वाढली, हेही खरे.

भारतातले काही भक्कम प्रयोग मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर, गावपातळीवर झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावातल्या, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांचे शिक्षण एकदाच देऊन संपले नाही. त्या नियमाने केंद्रावर येत, गावात काय घडले ते एकमेकींना सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा ठरे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरपोच काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. या यशाची चर्चा करताना औषधे आणि इंजेक्शने आठवतात, पर्यवेक्षण विसरले जाते. डॉक्टर पंधरवड्याला गावात जाऊन आरोग्यदूताच्या, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेच्या, नोंदी तपासत, चुका दुरुस्त करत आणि शिकवत; उपचाराचे काम मात्र आरोग्यदूतानेच करायचे होते.

उत्तर कर्नाटकात याच धर्तीवर परिचारिका-मार्गदर्शकांची योजना राबवली गेली. बळ्ळारी आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांतील १०८ प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत मार्गदर्शक परिचारिका ठरावीक काळाने मुक्कामाला जात आणि उरलेल्या निम्म्यांशी तुलना केली गेली. त्या प्रसूतिगृहात तिथल्या परिचारिकेबरोबर काम करत, केसपेपर भरायला लावत, औषधांच्या कपाटात काय संपले आहे ते एकत्र पाहत. प्रसूतीतील गुंतागुंतीची जाण आणि केंद्राची तयारी या दोन्हींत फरक दिसला. ही मार्गदर्शक तपासणी अधिकारी नव्हती, तिच्या अहवालावर कोणाची वेतनवाढ थांबत नव्हती. तालुक्याच्या गाडीतून उतरणाऱ्या साहेबांपुढे जे लपवले जाते ते तिच्यापुढे लपवण्याचे कारण उरले नाही. बिहारमध्येही ‘अमानत’ या नावाने परिचारिकांना त्यांच्याच केंद्रात जाऊन शिकवण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर चालला.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो: शिकून झाल्यावर पुढे काय? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून आशा, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविका, आल्या. त्यांच्यावर, सुमारे वीस जणींमागे एक अशी, महाराष्ट्रात गटप्रवर्तक असते. ती स्वतः बहुधा मोबदल्यावर काम करणारी, म्हणजे आशांना मार्गदर्शन करणारीच कायम नोकरीत नाही. आशासाठी गटप्रवर्तक हीच जवळजवळ एकमेव वरची पायरी, आणि वीस जणींसाठी ती एकच. परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी आशांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे, पण दहावी-बारावीची अट, घर आणि वय यांतून फार थोड्या जणी पार होतात. अशा ठिकाणी कितीही चांगली मार्गदर्शक मिळाली तरी ती उत्साह देऊ शकते, शिडी देऊ शकत नाही.

रुग्णालयातल्या परिचारिकेला शिडी आहे. ती मात्र खाटेपासून दूर नेते. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या चढताना काम वाढत जाते ते ड्युटी लावणे, साहित्याचा हिशेब आणि पत्रव्यवहाराचे. पाठ्यनिर्देशिका होऊन शिकवण्याकडे वळता येते, पण तेव्हाही वॉर्ड सुटतो. वीस वर्षे अतिदक्षता विभागात काम करून बेनर यांच्या अर्थाने तज्ज्ञ झालेल्या परिचारिकेला त्याच कामात राहून मान आणि वेतन वाढवून मिळण्याची सोय जवळपास नाही. अनेक देशांत यासाठी वॉर्डातल्या कौशल्यावरच आधारलेल्या बढतीच्या पायऱ्या आखल्या गेल्या. भारतात अतिदक्षता आणि प्रसूती या क्षेत्रांत प्रगत परिचारिकेची वेगळी पात्रता गेल्या दशकात तयार झाली आणि २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग कायद्याने परिचर्येच्या शिक्षणाची चौकट नव्याने ठरवली. पण पात्रता मिळाली आणि त्या नावाची मंजूर पदेच नसतील तर प्रमाणपत्र फाइलमध्ये राहते. मग वाट परदेशाकडे वळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषेचा वर्ग हा आज कित्येक तरुण परिचारिकांच्या कारकिर्दीतला सर्वांत ठोस सल्ला ठरतो आहे.

इतर व्यवसायांत हेच नाते वेगवेगळ्या तऱ्हांनी बांधलेले दिसते. सनदी लेखापालांच्या आर्टिकलशिपची रचना वैद्यकापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल. मुदत ठरलेली (२०२३ पासून तीन वर्षांऐवजी दोन), किमान विद्यावेतन ठरलेले, आणि परीक्षा घेणारी संस्था देशपातळीवरची. फर्ममधला सीए काम शिकवतो, पण उत्तीर्ण करणे त्याच्या हातात नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकणाऱ्या मुलाचेही तसेच: मिस्त्री हात बसवतो, परीक्षा बाहेरची असते. वकिलीत मात्र सीनियरच्या चेंबरमध्ये बसणाऱ्या ज्युनियरला ना मुदत, ना मोबदल्याची खात्री. भारतीय वकील परिषदेने २०२४ मध्ये शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपयांची शिफारस केली, ती शिफारसच राहिली. घरात वकिली नसलेल्या मुलामुलींनी पहिली काही वर्षे कशी काढायची, हा त्यामुळे मार्गदर्शनाआधीचा प्रश्न होऊन बसतो. शिक्षकांसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०२२ मध्ये मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियान प्रायोगिक स्वरूपात सुरू केले.

मोठ्या कंपन्यांनी उलटी दिशाही चालवून पाहिली. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकून घ्यायला लावले. रुग्णालयात हे न ठरवताही घडते: संगणकावरची नवी नोंदपद्धत आली की मोठ्या सिस्टर नवीन मुलीला शेजारी बसवून घेतात.

मार्गदर्शन आणि पाठबळ यांतला फरक स्त्रियांच्या बाबतीत स्पष्ट झाला. हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की कंपन्यांतल्या स्त्रियांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण बढतीच्या बैठकीत नाव लावून धरणारे वरिष्ठ पुरुषांच्या वाट्याला अधिक येतात. शल्यचिकित्सेत हे सहज ओळखू येते. ‘तू चांगली सर्जन होशील’ असे सांगणारे अनेक असतात; अवघड शस्त्रक्रियेच्या यादीवर तिचे नाव टाकणारा एकच हवा असतो, आणि तोच मिळत नाही. अमेरिकेतल्या ७०८ आस्थापनांच्या नोंदी तपासणाऱ्या कालेव, डॉबिन आणि केली यांच्या २००६ च्या अभ्यासात व्यवस्थापनातली विविधता वाढवण्यात नुसती प्रशिक्षणे सर्वांत निष्प्रभ ठरली, मार्गदर्शन कार्यक्रमांचा थोडा उपयोग झाला, आणि कोणावर तरी नेमकी जबाबदारी टाकणे सर्वांत परिणामकारक ठरले.

मार्गदर्शनाची गरज नवख्यांनाच असते, हा समज अतुल गावंडे यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या लेखाने हलवला. बोस्टनमधल्या या शल्यविशारदांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागून आठेक वर्षे झाल्यावर आपली प्रगती थांबली आहे असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी आपले निवृत्त शिक्षक रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात नुसते पाहायला बोलावले. थायरॉइडची एक शस्त्रक्रिया स्वतः गावंडे यांच्या मते उत्तम झाली होती. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बारीकसारीक नोंदी होत्या: दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ परावर्तित उजेडातच काम चालले होते, कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीवर जात होते, त्यामुळे हाताचा नेमकेपणा कमी होत होता, कापडे अशी अंथरली होती की समोरच्या मदतनिसाला अडचण होत होती. यातले काहीही गावंडे यांना स्वतःहून दिसले नसते. हे शक्य झाले कारण ऑस्टीन यांच्याकडे आता कसलीही सही उरली नव्हती. रुग्णाला मात्र ‘हे कोण?’ याचे उत्तर देताना गावंडे अवघडले, आणि मोठ्या डॉक्टरलाही शिकायचे असते हे मान्य करणे समाजाला किती कठीण जाते ते त्यातून दिसते.

या सगळ्याचा उपयोग होतो का, यावर संशोधनाचे उत्तर संयत आहे. वैद्यकीय शिक्षणातील ३९ अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्याहून कमी वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि काही शाखांत पाचांतल्या एकाहून कमी अध्यापकांना मार्गदर्शक होता. संशोधनात उत्पादकता आणि समाधान यांच्याशी त्याचा संबंध दिसला. पण बहुतेक पुरावा एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचा होता. मुळात हुशार आणि धडपड्या माणसाला मार्गदर्शक लवकर मिळतो, त्यामुळे यश मार्गदर्शनाचे की माणसाचे, हे अशा पाहण्यांतून सुटत नाही. इतर क्षेत्रांतील ४३ अभ्यास एकत्र करणाऱ्या टॅमी अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या विश्लेषणात समाधानावरचा परिणाम ठळक निघाला, पगार आणि बढतीवरचा अगदी लहान. पगार आणि बढती शिडीवर ठरतात हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य नाही. मार्गदर्शकांना शिकवता येते, याचा पुरावा मात्र बरा आहे. अमेरिकेत १६ ठिकाणच्या २८३ मार्गदर्शकांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत आठ तासांच्या प्रशिक्षणाने फरक पडला. भारतात मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून चालणाऱ्या, ‘फेमर’ या वैद्यकीय शिक्षणविषयक संस्थेच्या केंद्राने वैद्यकीय अध्यापकांसाठी अशी तयारी करून देण्याची परंपरा रुजवली.

सरकारी सेवेत आणखी एक अडचण आहे, आणि ती बदलीची. नात्याच्या भरभराटीचा टप्पा क्रॅम यांच्या हिशेबाने दोन ते पाच वर्षे चालतो. तेवढ्यात एकाची किंवा दोघांची बदली झालेली असते. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा करार तर मुळातच अल्प मुदतीचा असतो. क्रॅम यांनीच मोनिका हिगिन्स यांच्यासह २००१ मध्ये एकाच गुरूऐवजी माणसांच्या जाळ्याची कल्पना मांडली, ती अशा नोकऱ्यांना अधिक लागू पडते. हात बसवून देणारी व्यक्ती त्याच वॉर्डातली असावी लागते. मन मोकळे करण्यासाठीची विभागाबाहेरची, सही नसलेली. पुढच्या परीक्षा, पदे आणि रजा यांची माहिती असणारी कदाचित जिल्ह्याच्या कार्यालयातली. यांपैकी एकाची बदली झाली तर उरलेल्या दोघांकडे जाता येते आणि नव्याने एकालाच शोधावे लागते.